बाळंतपणातली सोबत : पैसे कोणी भरायचे?

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीरदान चालू होते. एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. सुनेला सातवा महिना. "सिस्टर, ही म्हणते बाळंतपणाला दुला लावायची. फोन करून विचारलं तर ती बाई पंचवीस हजार म्हणाली. आमच्या पोराला कंपनीचा मेडिक्लेम आहे. त्यात बसंल का हो?"

शेजारच्या दोघी-तिघी हसल्या. "आमच्या वेळी कुठली दुला न फिला," असेही कोणी म्हणाले. सून खाली मान घालून हळूच बोलली, "मला तिथं एकटीला नाही राहायचं."

त्या मुलीचे हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर हाच विषय घेते. आधी उत्तर सांगते, मग कारणे. मेडिक्लेममध्ये दुलाची फी बसत नाही. पण दुलाकडून त्या मुलीला जे हवे आहे, म्हणजे कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत आपले माणूस जवळ असणे, ते सरकारी दवाखान्यात एक रुपयाही न देता मागता येते. ते मागायचे कसे हे माहीत नसल्यामुळे आपल्या बायका एकट्या राहतात.

दुला म्हणजे कोण?

दुला म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी, त्यासाठी शिक्षण घेतलेली बाई. ती डॉक्टर नाही, नर्स नाही आणि सुईणही नाही. ती आतून तपासत नाही, इंजेक्शन देत नाही, बाळ काढत नाही. कळा येत असताना पाठ-कंबर चोळणे, श्वास कसा घ्यायचा ते सांगणे, चालायला-बसायला आधार देणे, पाणी पाजणे, धीर देणे आणि डॉक्टर काय म्हणतात ते समजावून सांगणे, एवढेच तिचे काम. पण हे काम ती मध्येच सोडून जात नाही. नर्सच्या हाताखाली एका वेळी चार-पाच बाया असतात. दुलाकडे एकच असते.

याचा फायदा मोजलेला आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात 17 देशांतल्या 15 हजारांहून जास्त बायकांवरचे 26 अभ्यास एकत्र तपासले गेले. ज्यांच्याजवळ सतत कोणीतरी होते, त्यांच्यात नैसर्गिक बाळंतपणाचे प्रमाण जास्त आणि सिझरचे कमी दिसले. कळांचा वेळही थोडा कमी झाला. बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्याही कमी होत्या. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत कळांपासून प्रसूतीपर्यंत मिळावी. हे सोबतीचे माणूस पगारी दुलाच असले पाहिजे असे त्यात म्हटलेले नाही. आई, बहीण, सासू, नवरा, मैत्रीण, कोणीही चालते.

दार लावणाऱ्यांत मीही होते

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी लेबर रूममध्ये काम केले. नातेवाइकांना बाहेर काढायचे हा तिथला शिरस्ता, आणि मीही दार लावणाऱ्यांतलीच होते. एका रात्री वस्तीतलीच एक पोर होती, पहिलटकरीण. आई बाहेर जिन्यावर बसलेली. पोर ओरडायची तेव्हा तिला ऐकवले जायचे, "तेव्हा नाही ओरडलीस?" तिच्या आडनावावरूनही बोलणे झाले. मी गप्प राहिले. पहाटे बाळ झाले, सगळे सुखरूप. दोन दिवसांनी तिची आई मला म्हणाली, "पोरगी म्हणती पुन्हा दवाखान्यात येणार नाही."

त्या रात्री आई आत असती तर तसे बोलायची कोणाची हिंमत झाली नसती. सोबतीने पाठ चोळली जाते, धीर मिळतो. पण आपल्या बायकांसाठी सोबतीचा आणखी एक अर्थ आहे. आत काय चालले आहे ते पाहणारा एक साक्षीदार तिथे असतो. अपमान झाला म्हणून एखादी बाई पुढच्या वेळी घरीच बाळंत व्हायचे ठरवते, तेव्हा तिच्या जिवाला धोका असतो.

आणखी एक गोष्ट विसरू नये. अनेक गावांत नाळ कापायचे, वार पुरायचे काम पिढ्यान्पिढ्या आपल्याच आज्या-पणज्यांनी केले. ते काम विटाळाचे मानले गेले आणि करणारीलाही विटाळ लावला गेला. आता तेच सोबतीचे काम परदेशी नावाने, हजारो रुपये फी लावून परत आले आहे. शिकलेल्या बाईने आपल्या कौशल्याचे पैसे घ्यावेत, त्यात चूक नाही. पण आपल्या घरांनी त्यासाठी कर्ज काढावे का, हा विचार करायला हवा.

मेडिक्लेममध्ये काय बसते?

मेडिक्लेम हॉस्पिटलच्या बिलावर मिळतो. भरती, डॉक्टर, औषधे, ऑपरेशन यांचा तो खर्च. दुला हॉस्पिटलच्या बिलात येत नाही आणि ती नोंदणीकृत डॉक्टरही नसते. म्हणून तिची पावती जोडली तरी विमा कंपनी ती नाकारते. "आम्ही पावती देतो, तुम्ही क्लेम करा" असे कोणी सांगितले तर त्या भरवशावर पैसे देऊ नका. आधी विमा कंपनीकडून लेखी घ्या.

मुळात बाळंतपणाचाच खर्च मिळेल की नाही हे आधी पाहा. स्वतः काढलेल्या साध्या पॉलिसीत बाळंतपण बहुतेक वेळा वगळलेले असते. पॉलिसीच्या कागदात "एक्सक्लूजन 18" हा क्रमांक शोधा. तिथे "मॅटर्निटी" असे लिहिले असेल तर नॉर्मल आणि सिझर दोन्हींचा खर्च मिळणार नाही. गर्भ नळीत राहिला आणि ऑपरेशन करावे लागले तर तो खर्च मात्र या वगळणुकीत येत नाही. तो क्लेम सोडू नका.

काही पॉलिसींत जास्त हप्ता भरून बाळंतपण घेता येते. पण त्यात थांबण्याचा काळ असतो, तो बहुतेक ठिकाणी दोन ते चार वर्षांचा असतो. दिवस गेल्यावर पॉलिसी काढली तर या बाळंतपणाला तिचा उपयोग नाही. घरात नवे लग्न झाले असेल तर ही चौकशी तेव्हाच करा.

कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेमचे वेगळे असते. तिथे बऱ्याचदा बाळंतपण पहिल्या दिवसापासून मिळते, पण रकमेला मर्यादा असते. त्या सासूबाईंच्या मुलाला मी हे प्रश्न लिहून दिले. तुम्हीही कंपनीच्या एचआरला विचारा:

1. बाळंतपण आहे का? नॉर्मलला किती, सिझरला किती?
2. बायकोचे नाव पॉलिसीत घातले आहे का? लग्नानंतर किती दिवसांत घालावे लागते?
3. बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का? बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागले तर मोठे बिल तिथेच होते.
4. भरती होण्याआधीच्या तपासण्या आणि सोनोग्राफीचा खर्च मिळतो का?
5. कोणत्या हॉस्पिटलमध्ये कॅशलेस आहे?

हक्काचा क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही त्यांचे काय?

सफाईच्या ठेकेदाराकडे, कारखान्यात, मॉलमध्ये, सिक्युरिटीत काम करणाऱ्यांनी पगाराची पावती पाहावी. ईएसआयसीची कपात होत असेल तर तोच तुमचा विमा. सध्या महिना 21 हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू आहे. कामगार बाईला ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. कामगाराच्या बायकोलाही ईएसआयच्या दवाखान्यात बाळंतपणाचे उपचार मिळतात, पण तिचे नाव कार्डावर हवे. ते लगेच चढवून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्यात ठरलेल्या यादीतल्याच उपचारांचे पॅकेज मिळते. म्हणून पैसे भरण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा आणि आपला उपचार यादीत आहे का ते विचारा. आईची किंवा बाळाची तब्येत बिघडली तर हे आवर्जून करा.

सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. नॉर्मल असो की सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून दवाखान्यात व परत घरी नेणारी गाडी, सगळे मोफत. नॉर्मलला 3 दिवस आणि सिझरला 7 दिवस जेवण मिळते. गाडीसाठी 102 किंवा 108 ला फोन करा. मुलगा झाला म्हणून मावशी-मामांनी पैसे मागितले तर ते देणे तुमच्यावर बंधनकारक नाही.

याशिवाय हातात येणारे पैसे दोन योजनांचे. जननी सुरक्षा योजनेत आपल्या राज्यात अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला सरकारी दवाखान्यातल्या प्रसूतीसाठी शहरात 600, ग्रामीण भागात 700 रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत 5 हजार, आणि दुसरी मुलगी झाली तर 6 हजार. आधार जोडलेले बँक खाते, माता-बाल संरक्षण कार्ड आणि जातीचा दाखला तयार ठेवा. फॉर्मसाठी आशाताई किंवा अंगणवाडीताईंना भेटा.

जातीच्या दाखल्याबद्दल एक खुलासा. फॉर्मवर धर्म "बौद्ध" लिहिला की लाभ जातो, असे अजूनही काही ठिकाणी सांगितले जाते. ते खोटे आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राच्या यादीतही तोच दर्जा मिळाला. पैशासाठी धर्माच्या रकान्यात दुसरे काही लिहू नका.

आत सोबत हवी, हे कसे मागायचे?

केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी दिली. तमिळनाडूत तर हे 2004 पासून चालू आहे. 2017 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या "लक्ष्य" कार्यक्रमात लेबर रूमचा दर्जा तपासताना बाईला सन्मानाने वागवले का, सोबत राहू दिली का, हेही पाहिले जाते. म्हणजे तुम्ही सोबत मागता तेव्हा सवलत मागत नसता. त्या दवाखान्याने जे करायचेच आहे, तेच मागत असता.

सोबतीचे नियम साधे आहेत. सोबत करणारी बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली. जिथे प्रत्येकीला पडद्याची किंवा वेगळी जागा आहे तिथे नवराही राहू शकतो. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत. तिने शेवटपर्यंत थांबावे. डॉक्टर-नर्सच्या कामात अडथळा आणू नये आणि दुसऱ्या बाईच्या खाटेकडे जाऊ नये.

हे भांडण करून मिळवण्यापेक्षा आधी ठरवून मिळवा. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीलाच सोबतीणीला बरोबर न्या. सिस्टरना विचारा, "प्रसूतीच्या वेळी ह्या माझ्याबरोबर आत राहतील. त्यासाठी काय करावं लागेल?" त्या रात्री ड्यूटीवर कोणी वेगळी असेल तर सांगा, "2016 च्या आदेशाप्रमाणे सोबतीला परवानगी आहे, आम्ही नियम पाळू." तरीही नाही म्हणाल्या तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. नंतर लेखी तक्रार द्या आणि तिची पोचपावती घ्या. मात्र ऐन कळांच्या वेळी वाद वाढवून उपचाराला उशीर होऊ देऊ नका. आधी जीव, मग तक्रार.

खासगी हॉस्पिटलला हा आदेश लागू होत नाही. तिथे नाव नोंदवतानाच विचारा. पैसे भरूनही अनेक ठिकाणी दुलाला ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ देत नाहीत.

सोबतीणीने काय करायचे?

- कळांच्या मध्ये घोटघोट पाणी द्या. खायला देण्याआधी सिस्टरना विचारा.
- परवानगी असेल तर बाईला चालवा, कुशीवर झोपवा. सारखे उताणे झोपवू नका.
- कंबरेच्या खालच्या भागावर तळहाताने दाबून चोळा. "लांब श्वास घे, सावकाश सोड" असे शांत आवाजात सांगत राहा.
- सिस्टर सांगेपर्यंत "जोर लाव" म्हणू नका.
- पोट दाबू नका आणि कोणी जोराने दाबू लागले तर का दाबता ते विचारा.
- बाळ झाल्यावर ते आईच्या छातीवर उघड्या अंगाला लावून ठेवायला सांगा. पहिल्या तासात अंगावर पाजायला मदत करा. मध, गुटी, साखरपाणी काही नको.

या गोष्टी दिसल्या तर लगेच सिस्टरना हाक मारा: जास्त रक्त जाणे, झटके, खूप डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, पिशवीतले पाणी हिरवट किंवा घाण वासाचे येणे, बाळाची हालचाल न जाणवणे. बाळ झाल्यावर कापड भराभर भिजू लागले किंवा बाळंतीण गळून गेली तर एक मिनिटही थांबू नका.

तरीही दुला लावायची असेल तर

ज्यांना परवडते त्यांनी जरूर लावावी. पण आधी चार गोष्टी लेखी घ्या: फी किती आणि किती हप्त्यांत, त्यात घरच्या भेटी किती, त्या दिवशी ती आजारी पडली तर बदली कोण, आणि सिझर झाले तर पैसे परत किती. हॉस्पिटल तिला आत सोडणार आहे का ते पैसे देण्याआधी विचारा. डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगणारी दुला नको. आणि सावकाराचे किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज काढून तर मुळीच नको. बाळंतीण कर्जाच्या घोराने झुरू लागली तर ती सोबत काय कामाची?

पैसे कोणी भरायचे?

अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे. तिथे बाळंतपणात काळ्या बायकांचे मरण्याचे प्रमाण गोऱ्या बायकांच्या जवळजवळ तिप्पट आहे. वस्त्यांत काम करणाऱ्या काळ्या दुलांनी आणि त्यांच्या संघटनांनी दुलाचे पैसे सरकारी विम्याने द्यावेत ही मागणी लावून धरली. ओरेगन आणि मिनेसोटा या राज्यांनी सुरुवात केली. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2023 पासून मेडिकेडमधून दुलाची सेवा मिळते. दुला ही तिथेही पैसेवाल्या बायकांचीच चैन मानली जाई. ती गरीब बाईच्या विम्यात आली ती मागणी केल्यामुळे.

आपल्याला हा विचार नवा नाही. 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि लोकांचे कल्याण ही सरकारची जबाबदारी असल्याने हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी, 1929 मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळंतपणाचा खर्च ही एकट्या घराची बाब नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

आज आपण दोन मागण्या करू शकतो. प्रत्येक सरकारी आणि पालिकेच्या प्रसूतिगृहात "सोबतीला परवानगी आहे" अशी मराठी पाटी दर्शनी भागात लावावी. आणि वस्तीतल्या बायकांना सोबतीचे प्रशिक्षण देऊन आशांप्रमाणे त्यांना सरकारने मानधन द्यावे. महिला मंडळाने या मागण्यांचे निवेदन नगरसेवक आणि वैद्यकीय अधिकारी यांना द्यावे.

तोवर विहारात एक वही ठेवा. वस्तीत किती जणींना कितवा महिना आहे, कोणाला माहेरचे कोणी नाही, आणि कोण दोघी-तिघी रात्री-अपरात्री सोबतीला येऊ शकतात, ते त्यात लिहा. आमच्या मंडळाने त्या पौर्णिमेलाच वही उघडली. पहिले नाव त्या सुनेचे. सोबतीण म्हणून पहिली सही तिच्या सासूबाईंनी केली. दुसरी सही केली ती "दुला न फिला" म्हणून हसणाऱ्या बाईने. सही करताना ती म्हणाली, "माझ्या वेळी कोणी नव्हतं सिस्टर, म्हणूनच हसले."

जय भीम.